डबीतले लाल तुकडे

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी डबी आहे आणि स्वभावाने अगदी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर माझी गोष्ट ऐकताना तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं?

कारखान्यात एका यंत्राने मला ठोकून आकार दिला, दुसऱ्याने माझ्या झाकणावर निळी फुलं छापली आणि माझ्यात पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या गेल्या. त्या संपल्यावर एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने मला धुऊन-पुसून आपल्या टेबलावर ठेवलं. तेच माझे मालक. त्यांचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर घड्याळं. एकाची वेळ दुसऱ्याशी जुळायची नाही. शेजारचा चपलांचा दुकानदार त्यांना चिडवायचा, "घड्याळवाले, तुमच्याकडे वेळ बघायला आलं की माणूस आणखीच गोंधळतो."

मालक काहीच टाकून देत नसत. तुटका काटा, झिजलेला स्क्रू, एखादं दातेरी चाक, सगळं माझ्या पोटात. कधीतरी एखादं गिऱ्हाईक यायचं आणि नेमका तोच स्क्रू माझ्यातून निघायचा. मग मालक माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणायचे, "ही माझी तिजोरी." त्या टिचकीची मी वाट बघत असायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग मालकांचं डोकं दुखायला लागलं. एक दिवस मालकीणबाई त्यांच्याबरोबर दवाखान्यातून सरळ दुकानात आल्या आणि त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, "यांचं बीपी भलतंच वाढलंय हो. डॉक्टरबाईंनी गोळी दिलीय. एकाच गोळीत दोन औषधं आहेत. पांढरं रक्तवाहिन्या सैल करतं, लाल अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर काढतं. रोज सकाळी न चुकता घ्यायचीय." गोळी दिसायला छान होती. एक थर पांढरा, एक थर लाल. दुकान उघडलं की मालक ती पाण्याबरोबर घेऊ लागले.

पण त्यांना आता सारखं लघवीला जावं लागे, आणि बाजारातलं स्वच्छतागृह पार दुसऱ्या टोकाला. उघडलेलं घड्याळ तसंच टाकून शटर ओढायचं, जायचं, परत यायचं. तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं असायचं. एकदा तर परत येऊन बघतात तो केसाएवढी स्प्रिंग पंख्याच्या वाऱ्याने कुठल्या कुठे उडालेली. मालक गुडघ्यांवर रांगत ती शोधत राहिले. "असं नाही चालायचं," ते स्वतःशीच पुटपुटले. दवाखान्यात जाऊन हे सांगायची मात्र त्यांना लाज वाटली. बाईमाणसाला असलं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. चिमट्यात गोळी धरली आणि लाल-पांढऱ्याच्या मधल्या रेषेवर बारीक पातं टेकवलं. टक् आवाज झाला आणि दोन थर वेगळे झाले. असं काम दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. पांढरा थर त्यांनी गिळला, लाल माझ्यात टाकला आणि खुशीत झाकण लावलं. माझ्या काळजात मात्र धस्स झालं. आजवर माझ्यात टाकलेले भाग घड्याळांचे होते. हा माणसाच्या औषधाचा होता.

त्यानंतर रोज सकाळी तेच. लाल तुकडे साचत गेले आणि माझा जीव टांगणीला लागला. मालकांची डोकेदुखी काही जाईना. बारीक काम करताना ते डोळे चोळायचे. एका दुपारी मालकीणबाई काळजीने म्हणाल्या, "बीपी उतरत का नाही, तेच डॉक्टरबाईंना कळत नाहीये. गोळी चुकवत तर नाही ना तुम्ही?"

"एक दिवस चुकवली नाही," मालक म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. आता हे कुणाच्या लक्षात येणार? मी भरलेल्या पोटाने त्यांच्या हाताशी बसून होते आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं.

मग तो दिवस आला. मालकीणबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या, तेव्हा मालक एक घड्याळ उघडून बसले होते. त्यांच्या हातातला चिमटा गळून पडला. तो उचलायला गेले, तर हात उचलेना. काहीतरी बोलले, पण शब्द जिभेवर अडकले आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्यांच्या कोपराचा धक्का लागून मी खाली पडले. माझं झाकण उडालं आणि लाल तुकडे जमिनीवर पसरले.

मालकीणबाईंनी शेजाऱ्याला हाक मारली. तो धावत येईपर्यंत त्या तुकडे गोळा करत होत्या. औषध आहे एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी मला पर्समध्ये टाकलं. रिक्षाभर मी अंधारात त्यांचं रडणं ऐकत होते. मालकांचा आवाज काही येत नव्हता.

डॉक्टरबाईंनी माझं झाकण उघडलं आणि एक लाल तुकडा उचलून निरखून बघितला. मग हळूच म्हणाल्या, "त्रास होतोय, एवढं मला सांगितलं असतं, तर मी औषध बदलून दिलं असतं हो."

मालक वाचले. बोलणंही हळूहळू परत आलं. उजवा हात मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. आता ते दुकानात बसून सेल बदलतात, पट्टे लावतात. उघडलेलं घड्याळ त्यांच्या टेबलावर नसतं. लाल तुकडे मालकीणबाईंनी औषधाच्या दुकानात परत दिले. त्याआधी मालक म्हणालेही होते, "टाकायचे कशाला? राहिलेले सगळे घेऊन टाकतो." ते ऐकून मला कापरंच भरलं. मालकीणबाईंनी मला त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं, म्हणून बरं झालं.

गोळी आता दुसरी आहे, पण तिच्यातही दोन औषधं आहेत. रोज सकाळी मालक ती तळहातावर ठेवतात आणि जरा वेळ तिच्याकडे बघत राहतात. पातं अजून खणात आहे. खण उघडल्याचा आवाज येतो का, म्हणून मी कान देऊन बसते. पाण्याचा घोट ऐकू आला की मला हायसं वाटतं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच भीती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी रोज गोळी घेत असेल. त्यांना विचारा, गोळीचा काही त्रास होतो का? आणि एखाद्या डबीत अर्धी गोळी दिसली, तर लगेच मोठ्यांना सांगा. मी सगळं बघितलं होतं, पण मला जीभ नाही. तुम्हाला आहे.