लाल गोल आणि बंद लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणालो, बिचारा म्हणालो नाही.

माझे तरुणपण एका कार्यालयात गेले. तिथले साहेब मला रोज फडक्याने पुसत. पुढे नवे, सपाट कीबोर्ड आले आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला उचलून आणले. मोबाइलवर त्यांचे बोट एका वेळी दोन अक्षरांवर पडे. मला मोबाइलला जोडल्यावर मात्र त्या शिलाई मशीन चालवावी तशा खाडखाड लिहीत. माझ्या फटींत दोऱ्याचे तुकडे अडकले, अक्षरे झिजली. मला त्याचा अभिमान आहे.

काकू राहत वरच्या मजल्यावर, आणि इमारतीची लिफ्ट बंद. काकांना दिवसाआड डायलिसिसला न्यावे लागे. शेजारी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवत, तेव्हा काका भीतीने डोळे मिटून घेत. शेवटी काकूंनी लिफ्ट दुरुस्त करा म्हणून इमारतीच्या ग्रुपवर लिहिले. तळमजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी नेहमीप्रमाणे त्या मजकुराचा फोटो घेतला, चुकांभोवती लाल गोल काढले आणि तो परत ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांचे हात उमटले. लिफ्टचे नाव कोणी काढले नाही. मला भयंकर संताप आला.

"कशाला हसं करून घेतेस? नको लिहूस आता," काका म्हणाले.

"मग तुम्हाला खाली कोण नेणार? व्याकरण?" असे म्हणून काकू माझ्यावर तुटून पडल्या. त्यांनी लिहिले, "गुरुजी, गोल काढून झाले असतील तर उद्या सकाळी खुर्ची धरायला या."

गुरुजी आले, हे खरे. पहिल्याच वळणावर त्यांना धाप लागली. घरी जाऊन त्यांनी स्वतः तक्रार लिहिली, अगदी निर्दोष. ग्रुपने त्यांच्या भाषेची वाहवा केली. लिफ्ट जागची हलली नाही.

मग काकूंनी पुन्हा आपल्याच पद्धतीने लिहिले, "परवा खुर्ची धरायची पाळी सेक्रेटरीसाहेबांची."

या वेळी गुरुजींनी गोल काढले नाहीत. खाली एवढेच लिहिले, "मीही येतो."

दुसऱ्याच दिवशी लिफ्टवाला हजर झाला.

मित्रांनो, मला पुसत जा अशी विनंती मी करणार नाही. शुद्ध लिहा, जरूर लिहा, मला त्याचे वावडे नाही. पण हसतील या भीतीने कोणी माझ्यावरचा हात काढून घेतला, तर ते मला खपणार नाही. आधी माणसाला खाली उतरवा, मग त्याच्या चुका काढा.