पट्टीतला शेर्विन

"हा काढ," नेव्हिल म्हणाला आणि त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं. बोट नेमकं शेर्विनच्या गालावर पडलं.

मेलनीने माउस सोडला नाही. नेव्हिल तिचा थोरला दीर. शेर्विन तिचा नवरा, गेल्या पावसाळ्यात गेलेला. येत्या रविवारी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. मरोळ गावठाणात मांडव पडणार होता, आणि स्टेजमागचा बॅनर मेलनीच बनवत होती. बॅनरभर सिनेमाच्या रिळाची काळी पट्टी, दोन्ही कडांना भोकं, आणि एकेका चौकटीत घरातला एकेक फोटो. देवेशच्या स्टुडिओत ती वर्षानुवर्षं हेच करत आली होती. फोटोशॉप उघडायचं आणि लोकांची आयुष्यं पट्टीत बसवायची.

"का काढू?"

"मम्मी रडेल. तिचा दिवस आहे. आणि लोक विचारणार, कसा गेला, काय झालं. परत तेच झेंगट. तुला पायजे काय?"

शेर्विनने जीव दिला होता. घराने गावाला सांगितलं, हार्ट अटॅक. गावाने मान हलवली, मातीला आलं, आणि परत जाताना खरं काय ते एकमेकांच्या कानात सांगितलं. ठाऊक सगळ्यांना होतं. तरी अटॅकचं नाटक सगळे इमानदारीत वठवत होते. पोर मेलं ते सोसवतं, चारचौघांत मान खाली गेलेली सोसवत नाही, अशी ही घरं.

आणि जी रडेल असं नेव्हिल म्हणत होता ती सासू, जेनेव्हिव्ह, तिथेच मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली होती. नेव्हिल तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलत होता, बहिऱ्या माणसाबद्दल बोलतात तसं.

"मग त्याच्या जागी काय टाकू?" मेलनीने विचारलं.

"माझ्या पोरांच्या फर्स्ट कम्युनियनचा टाक. झकास आलाय. नायतर नवीन गाडीचा."

"गाडीचं पण लगीन लावताय काय, शेठ?" काउंटरवरून देवेश बोलला. कोणीच हसलं नाही. तो प्रिंटरकडे वळला.

"बरं," मेलनी म्हणाली.

शेर्विन गेल्यापासून ती एवढंच म्हणत होती. शवपेटी साधीच घेऊ? बरं. त्याचे कपडे वाटून टाकू? बरं. बाया तिला खंबीर म्हणायच्या. खंबीर कसली डोंबलाची! दात काढताना सुई टोचली की आपला गाल आपल्यालाच परका लागतो, तशी ती अख्खी झाली होती.

"आणि चौकटी मोठ्या कर," नेव्हिल म्हणाला. "मागे बसणाऱ्याला काय दिसणार?"

तिने पट्टी नव्याने मांडायला घेतली. एक मोठी चौकट बनवली, तिच्या नकला काढल्या, ओळीत लावल्या. इथेच चुकलं. तशा काढलेल्या नकला आतून जोडलेल्याच राहतात. एकीत फोटो टाकला की सगळ्यांत तोच येतो. जोड तोडून मगच फोटो टाकायचा, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण हात आपला आपण चालला होता. त्याने फोटोंचा फोल्डर उघडला आणि काढायला सांगितलेलाच फोटो उचलून टाकला.

स्क्रीन लुकलुकली. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेर्विन. लग्नाआधीच्या रीतीप्रमाणे वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला निघालेल्या सासूच्या जागी शेर्विन. सासऱ्यांच्या, म्हणजे बॅप्टिस्टच्या, रिटायरमेंटच्या हाराच्या जागी शेर्विन. सगळीकडे तोच निळा शर्ट, गोराईच्या जेट्टीवरचं ऊन, एक डोळा मिचकावलेला.

"ए! काय चाललंय?" नेव्हिल ओरडला. "मुद्दाम करतेस काय?"

"चुकून झालं. एक बदलला की सगळे बदलतात."

"काढ आधी! मम्मी, तू बघू नको गो."

जेनेव्हिव्ह उठली. पर्स बाकावर ठेवून स्क्रीनच्या अगदी जवळ आली, नाक टेकेल इतकी. पहिली चौकट बघितली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटपर्यंत गेली.

"सगळे एकच?"

"हो, मम्मी. एकच."

म्हातारी नेव्हिलकडे वळली. "बघ माझ्याकडे. रडते मी?"

नेव्हिलने नजर दाराकडे वळवली.

"नीट बघ. रडते काय?"

"मम्मी, लोक…"

"लोकांना हार्ट अटॅक सांग. ट्रकखाली आला सांग. तुला शोभेल ते सांग, मी पण तेच सांगते. पोरगे दोन झाले मला. ह्याचा एक फोटो ठेवायचा." मग मेलनीकडे बघून ती म्हणाली, "आणि तू काय गो? नवरा तुझा ना? तोंड नाय तुला?"

मेलनीने स्वतःच्या आत हात घालून बघितला. तिथे काहीच हाताला लागलं नाही.

"मला काय वाटतं तेच कळत नाय, मम्मी," ती म्हणाली.

सासूने मान हलवली. जसं काही हे उत्तर तिला पटलं. तिने बाक ओढून शेजारी घेतला.

"चल, कर."

मेलनीने चौकटींची जोड तोडली. मग एकेक शेर्विन काढत गेली. विहीर परत आली, बॅण्डवाले आले, बॅप्टिस्टच्या गळ्यात हार पडला. नेव्हिल दाराशी जाऊन फोनवर कोणाशी तरी मंडपाच्या खुर्च्यांबद्दल मोठ्याने बोलत राहिला.

शेवटी एकच शेर्विन उरला.

"वरनं केस कापले जातायत त्याचे," सासू म्हणाली.

चौकट आडवी होती, फोटो उभा. सगळा मावणार नव्हता. मेलनीने त्याला खाली ओढलं, थोडा, आणखी थोडा. निळा शर्ट काळ्या कडेखाली गेला आणि डोकं पूर्ण आत आलं.