कडुलिंबाखालचं इराणी टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. जुनं म्हटलं की लोकांना दया येते. मला मात्र राग येतो, आणि तो का येतो ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे. ऐकून घ्या, मधे उठू नका.

माझा माथा पांढऱ्या संगमरवराचा आहे, गोल. पाय शिसवी लाकडाचे. खाणीतून निघालो, घासून गुळगुळीत झालो आणि हैद्राबादेत स्टेशनजवळच्या एका इराणी हॉटेलात येऊन उभा राहिलो. तिथं माझ्यासारखी आणखी बरीच टेबलं होती. भिंतींवर मोठमोठे आरसे, दाराशी गल्ला, गल्ल्यावर झुपकेदार मिशांचे शेठ. पहाटे पाया म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा आणि नान, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी खिमा भरलेली लुखमी, आणि चहा तर दिवसभर. दूध एका भांड्यात आटत असे, चहाचं पाणी दुसऱ्यात उकळत असे, आणि कपात पडल्यावरच दोघांची भेट व्हायची. सोबत उस्मानिया बिस्किटं, निम्मी गोड, निम्मी खारट.

वेटर जागेवरूनच आरोळी ठोकायचा, "एऽक पौनाऽ! दो खडा चम्मच!" खडा चम्मच म्हणजे इतकी साखर, की चमचा कपात उभा राहावा. पौना म्हणजे दूध जास्त आणि पाणी कमी असा चहा. हा शब्द नीट ध्यानात ठेवा, पुढं याच शब्दानं घोळ घातला.

त्या हॉटेलाची खरी गंमत मात्र खाण्यात नव्हती. तिथं कुणाचंही स्वतःचं टेबल नसायचं. जिथं खुर्ची रिकामी तिथं बसायचं. वकिलासमोर रिक्षावाला बसे, मौलवीसाहेबांच्या शेजारी कॉलेजातलं पोर. कोण कुठला, कुठल्या घरचा, हे कुणी विचारत नसे. माझ्यावर किती कोपरे टेकले असतील त्याचा हिशोब नाही, आणि एकाही कोपराची जात मला ठाऊक नव्हती. शहराची मिजास काय असते ते मला तिथं कळलं. मला वाटायचं, सगळं जग असंच असतं.

एकदा आदिलाबाद जिल्ह्यातला एक शेतकरी माझ्याशी येऊन बसू लागला. त्याचं नाव सुधाकरराव. थोरला भाऊ समोरच्या दवाखान्यात पडून होता, आणि हा रोज चहा समोर ठेवून नुसता बसायचा. एके दिवशी त्याचे डोळे भरून आले. समोरच्या ऑटोवाल्यानं काही न विचारता आपली बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. "खाओ मियाँ," एवढंच म्हणाला. भाऊ बरा झाला. सुधाकररावांच्या मनातून मात्र ते हॉटेल काही गेलं नाही.

पुढं चौऱ्याऐंशी साली शेठनी जागा विकली. तिथं मोठं दुकान-संकुल होणार होतं. टेबलं, खुर्च्या, आरसे सगळं मोडीत निघालं. सुधाकररावांना हे कळलं आणि ते धावत आले. आदिलाबादेकडल्या भैंशाहून रुईच्या गाठी घेऊन आलेली एक लॉरी रिकामी परत निघाली होती, तिच्यात मला चढवलं. मी फार खूश होतो. आपण शहर घेऊन खेड्यात चाललो आहोत अशी ऐट होती माझ्या मनात. ती ऐट लवकरच उतरली.

सुधाकररावांचं गाव आदिलाबादेकडं, तलमडुगुच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण गावात भली माणसंही राहतात. बस थांबते तिथं सुधाकररावांनी पत्र्याचं हॉटेल घातलं आणि 'हैद्राबादी हॉटेल' अशी पाटी लावली. त्यांच्या बायको आशाबाई मागं चुलीशी. सुधाकरराव गल्ल्यावरून थेट शेठसारखी आरोळी द्यायचे, "एऽक पौनाऽ!" लोक हसायचे, पण चहा आवडीनं प्यायचे. पंचक्रोशीत नाव झालं. कपाशी विकून परतणारे लोक वाट वाकडी करून यायचे, माझ्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "असली संगमरवर हाय बाप्पा!"

सगळं हैद्राबादसारखं होतं. फक्त बाहेर वळचणीला काही काचेचे ग्लास उलटे खोचलेले होते. ते बौद्धवाड्यातल्या माणसांचे. त्यांनी ग्लास काढायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, जमिनीवर बसून प्यायचा आणि स्वतः विसळून पुन्हा खोचायचा. सुधाकररावांनी शहरातून टेबल आणलं, बशा आणल्या, आरोळीसुद्धा आणली. तेवढी एक गोष्ट आणायची राहिली, आणि राहिली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी आत गर्दी होती. माझ्याशी बसचा कंडक्टर आणि महिपत बसले होते. महिपत म्हणजे गावचा बडा शेतकरी. त्याच्याच वावरात कापूस वेचणारी चंद्रभागा बाहेर वळचणीशी उभी होती. अंगानं काटकुळी, डोक्यावर पदर. तिनं ग्लासासाठी हात वर केला, आणि त्याच वेळी सुधाकररावांनी कंडक्टरसाठी, दाराकडे तोंड असतानाच, घाईत 'क' गिळून आरोळी दिली, "एऽ पौनाऽ!"

चंद्रभागेला ऐकू आलं, 'ये, पावना!'

तुम्ही हसाल. पण त्या मुलखात घरधन्यानं दारातून पावना म्हणून हाक दिली तर घोटभर पाणी घेतल्याशिवाय पाठ फिरवायची नसते. फिरवली तर त्या घराचं वाईट चिंतल्यासारखं होतं. चंद्रभागेनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. तिनं हात खाली घेतला, पदर सावरला, उंबरा ओलांडला आणि माझ्याशी असलेल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली.

 तेवढ्यात आशाबाई कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी समोर पाहिलं, बसलेली बाई पाहिली आणि कप तिच्यापुढं ठेवला. का ठेवला, ते मला अजून उमगलेलं नाही. कंडक्टर म्हणाला, "पेऊ द्या त्यायले. मले दुसरा आना." महिपत मात्र ताडकन उठला.

चंद्रभागेनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्यायला. माझ्यावर आजवर लोकांनी भांडत, रडत, पेपर वाचत चहा प्यायला होता. इतक्या सावकाश कुणीच प्यायला नव्हता. बशी ठेवताना आवाज होऊ नये म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी टेकवली. मला हैद्राबाद आठवलं. वाटलं, आता हे हॉटेल खरं हैद्राबादी झालं.

"सुधाकर," महिपत दारातून ओरडला, "कोनाले टेबलावर बसवून राह्यला तू?"

मित्रांनो, सुधाकररावांना एवढंच म्हणायचं होतं, की होय, मीच बोलावलं. तीन शब्दांचं काम. जीभ काही झडणार नव्हती. पण ते गडबडले. हात जोडून म्हणाले, "दादा, तिनं ऐकाची चूक केली. म्या पौना म्हनलं होतं." मग तिच्याकडे वळले. "चंद्रभागे, पौना म्हंजे दूधवाला चाय वं. पावना नाई म्हनलं म्या."

चंद्रभागा उठली. रिकाम्या कपाकडे तिनं एकदा पाहिलं. "बरं झालं मालक," ती म्हणाली, "चाय पेऊन झाल्यावर सांगतलं."

कंडक्टर खो खो हसला. बाकी कुणी हसलं नाही. ती ताठ मानेनं निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक फिरकेना. माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. ज्या दगडावर आजवर सगळ्या जगाचा चहा सांडला, तो एका बाईच्या कपानं बाटला म्हणे! हसावं की रडावं? तरीही महिपतचं टोळकं माझ्याशी बसेना. शेवटी सुधाकररावांनी सनमायकाची चकचकीत टेबलं आणली आणि मला चौघांकडून उचलून बाहेर कडुलिंबाखाली ठेवलं. वर पुन्हा लोकांना सांगितलं, "हे खास त्यायच्यासाठी. त्यायनंबी काऊन जमिनीवर बसाव?" गावानं वाहवा केली, लोक म्हणाले, सुधाकरराव सुधारक माणूस हाय. माझं सगळं आयुष्य ज्या रीतीत गेलं, तीच रीत मोडायला त्यांनी मला जुंपलं.

चंद्रभागेचा मुलगा खुशाल तेव्हा नुकताच मास्तर होऊन गावच्या शाळेत लागला होता. तो आला. सुधाकररावांनी कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं, "बसा मास्तर, संगमरवर हाय."

खुशाल बसला नाही. "तुमच्या पोरायले मी वर्गात बसवून शिकवतो," तो म्हणाला, "आन मले तुमी झाडाखाली बसवता काऊन?" तो तसाच निघून गेला, आणि त्याच्यामागं अख्ख्या बौद्धवाड्यानं माझ्याकडे पाठ फिरवली; त्यापेक्षा वळचणीचा ग्लास बरा, म्हणाले. तेव्हापासून माझ्याशी कुणी बसलं नाही. चिडलो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू? पण त्याचं बरोबर होतं, आणि म्हणून तर माझी चिडचिड आणखी वाढली. कुणावर राग काढावा तेच कळेना.

मग माझी जी दशा झाली ती काय सांगू? शेळ्या माझ्यावर चढून लिंबाचा पाला खाऊ लागल्या. कापसाची बोचकी माझ्यावर आदळली. कुणीतरी बर्फाची लादी माझ्यावरच हातोडीनं फोडली, तेव्हा कडेला चीर गेली. एक पाय भुंग्यानं पोखरला. एकदा खुशालनं तक्रार केली म्हणून कुणी साहेब जीपमधून आले. त्या दिवशी वळचणीचे ग्लास गायब झाले आणि सगळ्यांना आत कपातून चहा मिळाला. चंद्रभागा मात्र आली नाही. साहेबाच्या धाकानं दिलेला चहा घशाखाली उतरत नाही, असं ती म्हणाली. जीप गेली आणि ग्लास आपल्या जागी परत आले.

पुढं प्लास्टिकचे कप निघाले. प्यायचे आणि फेकायचे. वळचण रिकामी झाली. सुधाकरराव सांगू लागले, आता आमच्यात काही भेद राहिला नाही, सगळ्यांना एकच कप. कप एकच होता खरा. पण काही जण पंख्याखाली बसून पीत होते आणि काही जण उन्हात उभे राहून. आत या, असं कुणी म्हणत नव्हतं.

परवा खुशाल पुन्हा आला. आता तो हेडमास्तर झाला आहे, बदली होऊन आदिलाबादला चालला आहे. सोबत चंद्रभागाबाई. केस पार पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली. खुशालनं सुधाकररावांना विचारलं, "हे टेबल मले देता का? घरी नेतो. माय बसन त्याच्यावर रोज चाय प्याले."

मी हरखलो! छप्पर मिळणार, कुणीतरी पुसणार, आणि तीच बाई पुन्हा माझ्याशी बसणार.

"न्या ना मास्तर, फुकट न्या," सुधाकरराव लगेच म्हणाले. त्यांना तर सुटल्यासारखंच झालं.

"नको," चंद्रभागाबाई म्हणाली.

"काऊन माय?"

"घरी म्या रोजच बसून पेतो, बाबू. घरी कोन उठवते मले?" तिनं माझ्या चिरेवर तळवा ठेवला. खरखरीत होता, पण ऊन लागून तापलेल्या मला तो गार वाटला. "मले तिथं बसाचं हाय," ती म्हणाली, आणि हॉटेलाच्या दाराकडे बोट केलं. "टेबल नेलं तं मालकाले बरं होईन. त्यायच्या डोयापुढं राहू दे."

सुधाकरराव खाली बघू लागले. तेही आता थकले आहेत. आतून आशाबाई ऐकत होत्या. सुधाकरराव हळूच म्हणाले, "बाई, म्या घेतलंच असतं आत. पन आता हे जड झालं, आन दार लहान हाय. मावत नाई."

चंद्रभागाबाईनं एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. बस आली, माय-लेक निघून गेले. मी इथंच आहे.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझी धूळ राहू द्या. पोखरलेला पायही राहू द्या. तुम्ही नुसतं मला उचला. मी जड आहे, चौघं लागतील. एका बाजूनं महिपतच्या घरचं कुणी धरा, दुसऱ्या बाजूनं बौद्धवाड्यातलं. आणि दाराची काळजी करू नका. दार लहान नाही. याच दारातून तर मला बाहेर काढलं होतं.