भिंतीवरचा बिरान

"आधी तो ब्रश खाली ठेव!"

डाबा मासळी धुरावायच्या भट्टीवरून तशीच धावत आली होती. तिच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गोरा नावाचा रंगारी चुना फासत होता आणि तिच्या मुलाचा, बिरानचा, अर्धा चेहरा त्याखाली गडप झाला होता. शेजारी रंगवलेला याखम मात्र शाबूत होता, दात काढून हसत.

म्बूर गावच्या किनाऱ्यावर वाळूत दोघं पोरं एकत्र खेळली आणि सेनेगलच्या फुटबॉल संघात एकत्रच गेली. याखम गोल करायचा, बिरान बचावफळीत असायचा.

"मीच सांगितलं त्याला," वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष मासांबा म्हणाला. "संध्याकाळी याखम येतोय. अख्ख्या भिंतीवर तोच हवा."

"भिंत काय तुझ्या बापाची?"

"चिडू नका मावशी. बाजारात एक चक्कर मारा. ज्याच्या त्याच्या अंगावर याखमच्या नावाचा सदरा. बिरानच्या नावाचा एक तरी दिसला?"

"आणि अंतिम सामन्यात गोलसमोर तोंडावर बूट कुणी झेलला? जबडा कुणाचा मोडला? अजून पेजेवर आहे माझं लेकरू!"

"झालेला गोल लोकांना आठवतो, मावशी. न झालेला कोण लक्षात ठेवतो?"

तिने तिथूनच फ्रान्समध्ये उपचार घेत असलेल्या बिरानला फोन लावला. बांधलेल्या जबड्यातून तो कसाबसा बोलला, "जाऊ दे ना आई. लोक त्याच्यावर जीव टाकतात, त्यात त्याचा काय दोष?"

"तुला गप्प बसायची सवय लागलीय. मला नाही!" तिने फोन बंद केला आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गोराची पुढे यायची छाती झाली नाही.

संध्याकाळी ढोल वाजले. याखमची गाडी आली तशी सगळी वस्ती गाडीवर तुटून पडली. फोटोसाठी तो भिंतीपाशी आला आणि डाबाला बघून वाकला.

"मावशी, बऱ्या आहात ना? जरा बाजूला होता का, फोटो..."

डाबाने बादलीतला ब्रश उचलून त्याच्या हातात कोंबला.

"माझ्या अंगणात एका परातीत जेवलात दोघं. अर्धा राहिलाय तो. तूच पूस."

ढोल थांबले. याखम भिंतीकडे बघत राहिला. "हे... कुणी केलं?" तो पुटपुटला. आता हा मासांबाची गचांडी धरणार, असं डाबाला वाटलं. पण चहूकडे फोन उंचावलेले होते. गर्दीतून कुणीतरी त्याचं नाव पुकारलं, मग सगळ्यांनीच. याखमच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. त्याने ब्रश हळूच बादलीत ठेवला, हात हलवला आणि गाडीत बसला. गर्दी गाडीमागे पळाली.

गोरा तेवढा मागे राहिला. "मावशी, मी पुन्हा काढून देतो. रंग माझा."

"हात लावशील तर बघ! राहू दे असाच. दिसू दे सगळ्यांना."

तिने घरातून चटई आणली, त्या अर्ध्या चेहऱ्याखाली अंथरली आणि भिंतीला टेकून बसली. चुना पाठीला लागत होता. थोड्या वेळाने गाडीमागे गेलेली माणसं परतू लागली. तिला बघताच ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, खाली मान घालून जाऊ लागली. डाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.