पोथीबाईंची सुट्टी

पीठ मळायची यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात गेटवरच्या रखवालदारापासून धाकट्या मालकांपर्यंत सगळे त्यांना पोथीबाईच म्हणत. यंत्राच्या खोक्यात जे पुस्तक जातं, म्हणजे यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, तेल कुठे घालायचं आणि हात कुठे अजिबात घालायचा नाही, ते सगळं बाई लिहीत. पुस्तक आत टाकल्याशिवाय खोकं बंद करायचं नाही, असा नियमच होता. त्यामुळे बाई अडल्या की ट्रक अडे, आणि ट्रक अडला की पॅकिंगमास्तरांचा आवाज पार कँटीनपर्यंत ऐकू येई.

ही पुस्तकं जन्माला यायची ती जुन्यावरून. नवं यंत्र निघालं की त्याच्या जवळच्या नात्यातल्या यंत्राचं पुस्तक उचलायचं, नाव बदलायचं, चार चित्रं बदलायची, बाकी तसंच ठेवायचं. बेकरीच्या लहान यंत्राचं पुस्तक मधल्याला, मधल्याचं मोठ्याला, असा हा गोतावळा वर्षानुवर्षं वाढत गेला होता. एकदा तेल बदललं, तर ते प्रत्येक पुस्तकात शोधून बदलता बदलता तीन महिने गेले आणि तरी एक पुस्तक राहिलंच. एक ना धड, भाराभर चिंध्या. यातलं खरं कुठलं आणि शिळं कुठलं, हे फक्त बाईंच्या डोक्यात होतं. बाई त्याबद्दल कुरकुर करायच्या, पण खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याचं सुख काही कमी नसतं.

त्या सुखाची किंमत त्यांनी मुलाच्या लग्नात मोजली होती. सगळे फोटोला उभे राहिले आणि नेमका पॅकिंगमास्तरांचा फोन आला. हॉलच्या मागच्या जिन्यात उभ्या राहून बाई सांगत होत्या, "अहो, 'नवीन' नावाची फाइल नको, 'नवीन दुसरी' नावाची छापा." घरच्यांच्या त्या फोटोत सगळे आहेत, अगदी लांबचे मेहुणेसुद्धा. नवऱ्यामुलाची आई तेवढी नाही.

आता लेकीला सातवा महिना लागला होता. बाईंनी फोनवर उत्साहाने सांगितलं, "बाळंतपणाला महिनाभर येते गं, अगदी ठरलं."

लेक म्हणाली, "आई, येणार असशील तर पूर्ण ये. अर्धी येऊ नकोस."

"अर्धी म्हणजे काय गं?"

"अर्धी म्हणजे फोन कानाला लावून. दादाच्या लग्नात आली होतीस तशी."

बाईंना ते लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट धाकट्या मालकांपुढे जाऊन बसल्या. धाकटे मालक माणूस चांगला होता, फक्त प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणायची त्याला सवय होती. ते म्हणाले, "बाई, सुट्टीला माझी ना नाही. तुम्ही नसताना पुस्तकं कोण काढणार, तेवढं सांगा."

"कुणीही काढेल," बाई बोलून गेल्या. "मी तशी व्यवस्था करते."

बोलून तर गेल्या, पण व्यवस्था त्यांच्या मनात बरीच वर्षं घोळत होती. घरात आपण प्रत्येक भांड्याशेजारी मिठाची वेगळी बरणी ठेवत नाही, मग 'सफाईआधी वीज बंद करा' हे प्रत्येक पुस्तकात वेगळं कशाला लिहायचं? एकदाच लिहायचं, कॉम्प्युटरवर एकाच ठिकाणी ठेवायचं, आणि ज्या यंत्राला लागेल त्याच्या पुस्तकात ते आपोआप येऊन बसेल. मास्तरांनी यंत्राचं नाव निवडायचं, बटण दाबायचं, की पुस्तक तयार. बाईंनी सगळ्या पोथ्या कापायला घेतल्या. तेलाचा तुकडा, सफाईचा तुकडा, भांडं अडकवण्याचा तुकडा. एकाच गोष्टीबद्दल आपणच किती तऱ्हांनी लिहून ठेवलंय हे बघून त्यांना कधी हसू येई, कधी लाज वाटे. पण काम झपाट्याने होत गेलं. पॅकिंगमास्तरांनी पहिलं पुस्तक स्वतः काढलं तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांनी बाईंना चहा पाजला. एरवी मास्तरांच्या खिशातून चहा निघणं म्हणजे दगडातून तेल काढणं.

आणि मग बाईंनी घोळ घातला.

ड्रॉइंग विभागातले काका जेवणाच्या सुट्टीत डोकावले. यंत्रांचे सगळे आराखडे तेच काढत. "लहान यंत्राच्या भांड्याचा अडकाव बदललाय बरं का. आता उजवीकडे नाही, डावीकडे फिरवायचा," एवढं सांगून ते हात धुवायला गेले. बाईंनी भांड्याचा तुकडा उघडला, 'उजवीकडे' पुसलं, 'डावीकडे' लिहिलं आणि समाधानाने डबा उघडला. तुकडा आता सगळ्यांचा आहे, लहान यंत्राबरोबर मधली, मोठी, जुनी, नवी अशी सगळीच यंत्रं डावीकडे फिरली आहेत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. वर्षानुवर्षांची सवय. एका पुस्तकात हात घातला की बाकीची जागच्या जागी राहतात, असंच त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

आठवड्याभराने एका बेकरीवाल्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "ताई, मोठं यंत्र घेतलंय तुमचं. पुस्तकात भांडं अडकवायला दांडा डावीकडे फिरवा लिहिलंय, म्हणून डावीकडे फिरवलं. फिरेना, तेव्हा जोर लावला. आता दांडा माझ्या हातात आहे आणि यंत्र तिकडे आहे. पुढे काय करायचं ते पुस्तकात नाही."

नवा दांडा आजच पाठवते असं सांगून, चार वेळा माफी मागून बाईंनी फोन ठेवला आणि कुणी बोलवायच्या आतच धाकट्या मालकांकडे गेल्या.

सगळं ऐकून मालक म्हणाले, "पूर्वी चूक एका पुस्तकात असायची. आता एका दमात सगळ्यांत. ही प्रगतीच म्हणायची."

मास्तर दारातच उभे होते. "माझं तयार झालेलं खोकं न् खोकं आता फोडायचं का?"

"जुनं होतं तेच बरं होतं, बाई," मालक म्हणाले. "आणि तुमच्या सुट्टीचं... बघू."

त्या "बघू"चा अर्थ बाई पुरेपूर ओळखून होत्या. जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांना रडू येत होतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. लेकीला काय सांगायचं? अर्धीच येते, असं?

रडू आलं तरी हात रिकामे ठेवायची बाईंना सवय नव्हती. त्यांनी भांड्याचा तुकडा पुन्हा उघडला आणि त्याचे दोन केले. एक उजवीकडे फिरणाऱ्यांसाठी, एक डावीकडे. लहान यंत्राला डावा दिला, बाकी सगळ्यांना उजवा. चहाची वेळ व्हायच्या आत एकूण एक पुस्तक सरळ झालं होतं. बाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. चूक जशी एका दमात पसरली होती, तशी ती एका दमात निघालीही होती. म्हणजे पोथ्या कापणाऱ्या कात्रीचं काही चुकलं नव्हतं. ती एकटीच्या हातात होती, हे चुकलं होतं.

त्या तडक परत गेल्या. "सगळी पुस्तकं दुरुस्त झाली. ज्यांच्याकडे चुकीची गेलीत त्यांना मी आज फोन करतेय, दुरुस्तीचं पानही पाठवतेय."

"सगळी?" मालकांनी घड्याळाकडे बघितलं. "तेलाच्या वेळी तीन महिने लागले होते ना?"

"आणि एक राहिलं होतं. आता आणखी ऐका. यापुढे तुकडा बदलायला घेतला की तो कुठल्या कुठल्या यंत्रांत बसलाय ते आधी समोर दिसेल. आणि ज्याचा भाग, त्याने वाचून होकार दिल्याशिवाय बदल पुस्तकात जाणार नाही. माझ्या एकटीच्या हातात काही नको."

मालकांनी डोकं खाजवलं. पण "बघू" म्हणाले नाहीत. "करा," म्हणाले.

काका मात्र उखडले. "मी चित्रं काढतो. वाचायचं काम माझं नाही."

"काका, दिशा तुम्ही बदललीत की मी?"

काकांनी चष्मा पुसून पहिला तुकडा वाचायला घेतला आणि त्यात त्यांना त्यांच्याच जुन्या चित्राची चूक सापडली. मग त्यांना अशी काही गोडी लागली, की ते बाईंची वाक्यंसुद्धा सुधारू लागले. "इथे 'हळुवारपणे' कशाला? 'हळू' म्हणा." नवी सून आल्या आल्या स्वयंपाकघरातले डबे हलवते तसं वाटून बाईंचा जीव वरखाली व्हायचा. पण 'हळू' खरंच बरं होतं, आणि पोथी आता एकटीची राहिली नव्हती.

सुट्टी मिळाली, बाई लेकीकडे पोचल्या आणि चारच दिवसांनी नात झाली. डोक्यावर काळंभोर जावळ आणि आवाज थेट पॅकिंगमास्तरांचा. बाई दिवसभर दुपटी बदलत, लेकीला गरम गरम वाढत, आणि फोन वाजेल म्हणून कान टवकारून असत. फोन वाजत नव्हता. रेंज आहे ना, हे त्यांनी गॅलरीत जाऊन तपासलं. शेवटी एका दुपारी, लेकीचा डोळा लागलेला बघून, त्यांनीच मास्तरांना फोन लावला.

"सगळं ठीक ना?"

"ट्रक वेळेवर जातायत, बाई. तुमची आठवण काढायलाही फुरसत नाही," मास्तर ओरडले. "नात कशी आहे ते सांगा, नाहीतर ठेवा फोन. काका नवा तुकडा घेऊन वाट बघतायत."

बाईंना आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि पडून राहिल्या.

रविवारी जावयाने बाळाचा लाकडी पाळणा जोडायला घेतला. खोलीभर पट्ट्या पसरून तो मध्ये घामाघूम होऊन बसला होता. "आई, जरा बघता का? पुस्तकात आठ स्क्रू म्हटलंय, पिशवीत सहाच निघाले. आणि खालचा कप्पा तर कुठे दिसतच नाही."

बाईंनी चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि त्यांना हसू आवरेना. "अहो जावईबापू, हे जुन्यावरून नवं केलंय! कप्प्याच्या पाळण्याचं पुस्तक उचललंय आणि बिनकप्प्याच्या पाळण्याला लावलंय. ते दोन स्क्रू कप्प्याचे. तुम्हाला सहाच लागणार." घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, ते काही खोटं नाही.

"तरी खात्री करून घेतो. बाळाचा प्रश्न आहे." त्याने फोन काढला. "शेवटच्या पानावर नंबर आहे. 'शंका असल्यास सुट्टीच्या दिवशीही विचारा.'"

बाईंनी पटकन त्याच्या फोनवर हात ठेवला. "नको. उद्या करा, कामाच्या दिवशी. एक रात्र बाळ माझ्या कुशीत झोपेल. तिथली जी कुणी असेल, ती बिचारी आज कुठल्या तरी जिन्यात उभी असेल."

"जिन्यात?" जावयाला काही कळेना.

पलंगावर बाळाला घेऊन बसलेल्या लेकीला कळलं. सरकून तिने शेजारी जागा केली आणि म्हणाली, "आई, इकडे ये. आपला तिघींचा फोटो काढू."

"आधी हा पसारा तरी आवरू दे."

"नाही. आधी फोटो."

बाई जाऊन बसल्या. लेकीने बाळ त्यांच्या हातात दिलं. जावई उठला, हात पुसत म्हणाला, "माझी बॅटरी संपत आलीय. कुणाच्या फोनवर काढू?"

"माझ्या घ्या," बाई म्हणाल्या. "तो मोकळाच आहे."