हाड आणि हृदयाच्या मध्ये मी

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नाही आणि नाटकाचाही नाही. तळहाताहून लहान, कागदासारखा पातळ, पांढराशुभ्र. माझ्या अंगी एकच गुण आहे. मला सहसा काही चिकटत नाही.

माझी कामाची जागा मला शस्त्रक्रियेच्या खोलीत मिळाली. टेबलावर नुकती जन्मलेली एक मुलगी होती. इतकी इवलीशी, की घरचे तिला टिचकीच म्हणत. तिच्या हृदयात जन्मापासून खोट होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी तिथे एक बारीक नळी बसवली होती. आता छाती बंद करायची होती.

"बाई, फार वेळ झालाय. पडदा घालायचं राहू दे ना," धाकटा डॉक्टर म्हणाला.

"ही नळी तिला कायमची पुरेल?"

"नाही. वाढली की पुन्हा उघडावं लागेल."

"मग त्या दिवसाची सोय आजच करायची. जखम भरताना हृदय हाडाला चिकटतं. पुढच्या वेळी तू हाड कापशील आणि खाली लगेच हृदय असेल, तर? आण इकडे."

आणि मी हाड आणि हृदयाच्या मध्ये उभा राहिलो.

जखम भरू लागली तसे दोन्हीकडून चिवट धागे सरसावले. "जाऊ दे की आम्हाला पलीकडे." मी म्हणालो, "चालते व्हा!" टिचकी रडली, खोकली, पालथी पडली. मी जागचा हललो नाही.

बाहेरचं बोलणं मला ऐकू येई. काही महिन्यांनी आजी कळवळून म्हणाली, "अगं, एकदा झालं ना? आता पुन्हा कशाला त्या कोवळ्या जिवाला?"

"आई, नखं बघा तिची. दूध पितानाही निळी पडतात. ती नळी आता तिला पुरत नाही," टिचकीची आई म्हणाली. "या खेपेला धोका जास्त आहे, बाईंनी लपवलं नाही. मलाही भीती वाटते. पण भिऊन घरी बसणार नाही मी."

"माझी भाची आहे," मामा म्हणाला. "डॉक्टरांनाच दमवेल!"

कुणी हसलं नाही. आईने तिला घट्ट धरलं, एवढं मला कळलं.

पुन्हा तीच खोली. बाईंनी आधी छातीच्या आतला फोटो काढून हाडामागे किती जागा आहे ते पाहिलं होतं. रक्त आणून ठेवलं होतं. काही बिनसलंच तर हृदयाचं काम करणारं यंत्र लगेच जोडता यावं, म्हणून मानेतली रक्तवाहिनीही मोकळी केली होती. "घाई कुणी करायची नाही," त्या म्हणाल्या. हाड हळूहळू कापलं जाऊ लागलं. धाकटा वाकून आत पाहत होता.

"बाई, खाली मोकळं आहे!"

"दिसलं ना, तेव्हा तुझं 'राहू दे' का ऐकलं नाही ते?"

कडेला मीही थोडा चिकटलो होतो, खोटं का बोलू? त्यांनी मला धीराने सोडवलं. माझ्यामागे हृदय उड्या मारत होतं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

नळी बदलली. माझ्या जागी नवा पडदा आला आणि मी चुरगळून ताटलीत पडलो. आभार कुणी मानले नाहीत. न मानोत! टिचकीवरची चादर काढली तेव्हा तिथूनच मला तिची नखं दिसली. गुलाबी.

मित्रांनो, कधी टिचकी भेटली आणि तिच्या छातीवरची रेघ दिसली, तर "अरेरे" म्हणू नका. ती रेघ कीव करण्यासाठी नाही. हात स्वच्छ धुवा, तिच्याजवळ जा आणि खेळायला बोलवा. जपायचं ते असं. आणि आतल्या धाग्यांनो, तुम्हीही ऐकून ठेवा. मी गेलो असलो, तरी जागा रिकामी नाही.