लाल निघालेला कंटेनर

रणजीतनं पहिला घाव घातला तो कॉम्प्युटरवर.

चाकणजवळच्या कंटेनर डेपोत, कस्टमच्या ऑफिसात, भर दुपारी. हातात पेट्या ओढायची लोखंडी आकडी होती, तीच त्यानं स्क्रीनमध्ये रुतवली. काचा उडून विजयश्री मॅडमच्या अंगावर पडल्या. मॅडम तिथल्या अधिकारी. गालावरून रक्ताची बारीक रेघ ओघळली, तरी त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "अहो, हा नुसता दाखवतो. ठरवणारा इथं नाहीच."

"मग कुठं बसतो त्यो? नाव सांगा. आत्ता जाऊन तंगडं मोडतो."

"माणूस नाही तो. कुठंच बसत नाही."

हेच रणजीतला झेपेना. संतापलेल्या माणसाला फोडायला एक डोकं लागतं, आणि इथं डोकंच नव्हतं.

रणजीत हमालांच्या टोळीचा मुकादम. डेपोखाली गेलेली जमीन त्याच्या भावकीची. तिच्या बदल्यात गावाला हमालीचं काम मिळालं, आणि काम होतंही दांडगं. परदेशातून आलेला प्रत्येक कंटेनर उघडायचा, माल उतरवायचा, साहेबांना दाखवायचा, पुन्हा भरायचा. कारखान्यांचे लोक सुट्या भागांसाठी ताटकळत, शिव्या घालत. पण टोळीतल्या अठरा घरांची चूल त्याच ताटकळण्यावर पेटत होती. मग सरकारला शहाणपण सुचलं. माल कुणाचा, आला कुठून, मालकानं पूर्वी काही लबाडी केली होती का, हे सगळं कॉम्प्युटर बघू लागला. संशय आला तर लाल, म्हणजे उघडा. नाही आला तर हिरवा, जाऊ द्या. शहाणपण खरंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सरळ माणसाच्या मालाची उगाच उचकापाचक कशाला? पण एवढ्या सगळ्या शहाण्यांत एकालाही हमाल आठवू नये, याचा संताप येऊ नये तर काय!

त्यात आज सकाळी डेपोच्या मॅनेजरनं रणजीतला बोलावून सांगितलं, उद्यापासून चारच माणसं ठेव, बाकीच्यांना घरी पाठव. कोण चार, ते तूच ठरव. रणजीत यांच्या पोरांच्या बारशाला जेवलेला, यांच्या बापांना खांदा दिलेला माणूस. तो कुणाला घरी पाठवणार?

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकायला हवी. घाव बसायच्या जरा आधी त्याच स्क्रीनवर एक कंटेनर लाल झाला होता. एका नव्या व्यापाऱ्यावर संशय आला होता. त्याचा येणारा सगळाच माल पेटी न् पेटी तपासायचा होता. टोळीला कित्येक महिने पुरेल एवढं काम. मॅडम ते सांगणारच होत्या. पण पायाखाली काचांचा खच पडल्यावर कोण कुणाला आनंदाची बातमी देतं? त्यांनी गार्डला हाक मारली. गार्डनं रणजीतची कॉलर धरली. रणजीतनं त्याच्या नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज झाला, गार्ड खाली बसला आणि रणजीत बाहेर पडला.

बाहेर त्याला नको ते सुचलं. दाराचं सील तुटलेला कंटेनर हिरवा असला तरी उघडून तपासावाच लागतो, हा डेपोचा जुना नियम त्याला पक्का ठाऊक होता. कॉम्प्युटर काम देत नाही ना? मग आपणच काढायचं. शेडमधला लांब दांड्यांचा कटर त्यानं उचलला आणि गेटबाहेर उभ्या ट्रेलरच्या रांगेकडे निघाला.

पहिल्याच ट्रेलरच्या सावलीत ड्रायव्हर भीमराज भाकरी खात बसला होता. परभणीकडचा, वाळका गडी. शेजारी सोडून ठेवलेल्या पटक्यावर फोन टेकवून बायकोशी बोलत होता. कटर बघताच तो घास टाकून उठला.

"मालक, सीलला हात लावू नगा. तुटलं तर चोर मलाच म्हणतेत. गाडीवरून काढून टाकतेत."

"बाजूला व्हय. माझी अठरा माणसं उपाशी मरत्यात."

"मग मी काय करू? मलाबी लेकरं हायेत."

रणजीतनं त्याला ढकललं. भीमराज पुन्हा आडवा आला, दाराला पाठ लावून, सील मुठीत धरून उभा राहिला. रणजीतनं त्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला, पण सीलवरची मूठ सोडेना. रणजीतनं बोटांवर कटर हाणला. दोन बोटं फुटली, तरी मूठ तशीच. सकाळपासून फोडायला जे डोकं रणजीत शोधत होता, ते त्याला समोर दिसलं. त्यानं कटर दोन्ही हातांनी उचलला आणि घातला. मग परत घातला. मग किती वेळा, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

थांबला तेव्हा सील तसंच होतं. भीमराज चाकाला टेकून बसल्यासारखा पडला होता, डोळे उघडे, पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल.

"रणजीत भाऊ!" गेटकडून धम्मपाल पळत येत होता. कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एजंटचा माणूस, टोळीचा जुना दोस्त. "भाऊ, काम आलं! रांगेतला पहिलाच कंटेनर लाल निघालाय. त्या पार्टीचा सगळा माल उघडायचाय. सगळी माणसं लागणारेत, सगळी! कुणालाच काढायचं नाही—"

तो जवळ आला आणि वाकून भडाभडा ओकला. मग भीमराजच्या गळ्याला हात लावून बघितला आणि मान हलवली.

रणजीत उभाच होता. सगळी माणसं, एवढंच त्याच्या कानात शिरलं. त्यासाठीच तर हे सगळं केलं होतं. त्याला हुंदका फुटला, आणि रडण्याचीही लाज वाटली.

पटक्यावरचा फोन अजून चालू होता.

"अहो? कुणासंगं भांडायलात? बोला की. अहो!"

धम्मपालनं फोनकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. शेवटी रणजीतनंच तो उचलला. बोटं चिकट झाली होती.

"कोण बोलायलंय? त्यास्नी काय झालं?"

"वहिनी," रणजीत म्हणाला, "घरात कुणी मोठं माणूस हाय का? त्यांच्याकडं फोन द्या."



"मीच हाय मोठी," ती म्हणाली. "सांगा."